नाणे चालेना, त्याची गोष्ट

आमचे एक आप्त इंदापूर तालुक्यातले बागायतदार आहेत. नीरेच्या पाटाखाली त्यांचा ऊस आहे. घरात सारे त्यांना तात्या म्हणतात, तेव्हा आपणही तात्याच म्हणू. मागच्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत चार महिने राहून ते परत निघाले. जाताना पेटीत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला होता. येताना नातवंडांनी दिलेल्या वस्तूंनी तीच पेटी आणखी जड झाली होती. विमानतळावर ती काट्यावर चढली आणि खिडकीतल्या बाईंनी मान हलवली. वजन जास्त आहे, जादा आकार भरावा लागेल. तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून डॉलरच्या कोऱ्या नोटा काढून पुढे केल्या. बाईंनी त्या हलकेच परत सरकवल्या. रोख घेत नाही, कार्ड द्या.

तात्यांचा विश्वास बसेना. "अहो बाई, हे तुमच्याच सरकारचे आहेत!" असे ते मराठीतच म्हणाले. लेक निरोप देऊन केव्हाच गेली होती. शेवटी रांगेतल्या एका भल्या माणसाने कोपऱ्यातले एक यंत्र दाखवले. त्यात नोटा घालायच्या आणि यंत्रातून तेवढ्या रकमेचे कार्ड बाहेर यायचे; त्यातून यंत्राने आपली दलाली कापून घेतली, हे तात्यांना कार्ड हातात पडल्यावर कळले. घरी येऊन ही हकीकत सांगताना ते म्हणाले, "सरळ बट्टा घेतला हो त्या यंत्राने!"

बट्टा! हा शब्द ऐकला आणि आमचे मन विमानतळ सोडून थेट पेशवाईत गेले. कारण खिशात पैसा असावा आणि तो घेणाऱ्याने नाकारावा, हा प्रसंग आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला काही नवा नाही. या मुलखाने तो पुनःपुन्हा पाहिला आहे.

आज आपण रुपया म्हणतो तेव्हा तो एकच असतो. पेशवाईत तसे नव्हते. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, शिवाय हाली शिक्का. खेरीज चिंचवडासारख्या ठिकाणच्या टाकसाळी होत्याच. प्रत्येकाची चांदी निराळी, वजन निराळे, आणि एकाच टाकसाळीतला रुपयासुद्धा नवा असेल तर एका भावाचा, हातोहात फिरून झिजला असेल तर दुसऱ्या. अंकुशी रुपयावर हत्तीच्या अंकुशाची खूण असे, म्हणून ते नाव. बाजारात उतरलेल्या माणसाला आपल्या कनवटीला किती पैसे आहेत हे मोजून कळत नसे, ते सराफाला विचारावे लागे. सराफ रुपया दगडावर वाजवी, नखाने चाचपी, डोळ्यापाशी नेई आणि मग भाव सांगे. पूर्ण किमतीतून जी तूट तो कापी ती बट्टा. 'बद्द वाजणे', 'वाजवून घेणे', 'खोटा दाम' हे आपल्या भाषेतले प्रयोग या सराफकट्ट्यावरूनच घरात आले आहेत. गावोगावी ही पारख करणारा पोतदार असे. सरकारी पोत्यात, म्हणजे खजिन्यात, पडणारा पैसा खरा की खोटा हे तो ठरवी. आज पोतदार आडनावाचे जे वाचक हा अंक चाळत असतील, त्यांच्या एखाद्या पूर्वजाने आमच्या एखाद्या पूर्वजाचा रुपया तोंड वाकडे करून परत केला असणे सहज शक्य आहे. त्याबद्दल आमचा राग नाही.

अशा मुलखात मोठी रक्कम दूर पाठवायची तर पोती लादून कोण नेणार? वाटेत पेंढारी, पुढे दुसऱ्या राज्याचे नाणे, त्यावर पुन्हा बट्टा. म्हणून हुंडी. बारामतीच्या पेढीवर पैसे भरावे आणि कागद घ्यावा; तो कागद दूरच्या शहरातल्या अडत्याने पाहून तिथल्या नाण्यात रक्कम द्यावी. पाहताक्षणी पटायची ती दर्शनी हुंडी, ठरल्या मितीला पटायची ती मुदती. अमक्याच माणसाला द्यावी अशी ती नामजोग आणि बाजारातल्या पतवान माणसाला द्यावी अशी ती शहाजोग. हुंडी हरवली तर पेठ लिहीत, पेठही हरवली तर परपेठ. या सगळ्या कामाची मजुरी ती हुंडणावळ. म्हणजे जवळचे रोकड नाणे जिथे चालणार नाही तिथे पत चालवायची, ही युक्ती तात्यांच्या त्या यंत्राच्या किती आधीची आहे पाहा. महिपतीबुवांच्या भक्तविजयातली नरसी मेहत्याची हुंडी आपल्या आजीने आपल्याला सांगितलेली असते. द्वारकेच्या सावळ्या शेठवर काढलेली ती हुंडी पटली, याचे त्या काळच्या श्रोत्याला किती नवल वाटले असेल! कारण न पटलेल्या हुंडीने घरे बुडालेली त्याने पाहिली होती. पेढी बुडाली की सावकाराने भर दिवसा दारात दिवा लावून बसायचे, अशी जुनी चाल सांगतात. दिवाळीशी इतका जवळचा असूनही दिवाळे हा शब्द या दिवसांत कोणी तोंडी आणत नाही, तो यामुळेच. पानिपतची बातमीसुद्धा नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत. माणसांची मोजदादही या भाषेत होऊ शकत होती.

आता बारामतीचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयाला हात घालण्यात अर्थ नाही.

कऱ्हेच्या काठी बारामतीस बाबूजी नाईक जोशी हे बडे सावकार होते. त्यांचा वाडा गावात आजही दाखवतात. कविवर्य मोरोपंतांना आश्रय मिळाला तो याच घराण्याचा. नाईक पेशव्यांचे सोयरे: बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली. सोयरीक होती, तसा पैशाचा व्यवहारही होता. बाजीरावाच्या स्वाऱ्या कर्जावर चालत आणि त्या कर्जातला मोठा वाटा बाबूजींचा होता. १७४० च्या एप्रिलात नर्मदेकाठी रावेरखेडीस बाजीराव वारला. कर्ज मागे राहिले आणि पेशवाईचे पद रिकामे झाले. तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठबळाने बाबूजी स्वतःच त्या पदासाठी पुढे आले. शाहू महाराजांपुढे त्यांनी भली मोठी रक्कम नजर करण्याची तयारी दाखवली.

महाराजांना पैशाची गरज नव्हती असे नाही. साताऱ्याचा खजिना काही ओसंडून वाहत नव्हता. तरी त्यांनी ती रक्कम घेतली नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात पेशवाईची वस्त्रे बाजीरावाचा मुलगा बाळाजी, म्हणजे नानासाहेब, याला मिळाली. सर्वांत रोकड ज्याच्यापाशी होती, त्याचीच रोकड त्या दिवशी साताऱ्यास चालली नाही.

मग बाबूजींनी सावकाराचे दुसरे हत्यार काढले. त्यांनी जुन्या कर्जाचा तगादा लावला. एकोणीस वर्षांचा पेशवा, बापाच्या मृत्यूचे दुःख ताजे, आणि दारात आत्याच्या सासरचा माणूस पैसे मागत उभा! या वेळी महादोबा पुरंदरे मध्ये पडले. आपले वजन आणि आपली पत खर्ची घालून त्यांनी नानासाहेबांना या तगाद्यातून सोडवले. पुरंदरे सासवडचे. सासवडही कऱ्हेच्याच काठी, बारामतीच्या वर. त्या साली एकाच नदीच्या वरच्या गावाची पत खालच्या गावाच्या रोकडीला पुरून उरली. बाबूजींना पुढे कर्नाटकातल्या वसुलीचा मक्ता मिळाला, पण तिथला विरोध आणि फौजेचा खर्च यांनी त्यांना पार खालावले. नानासाहेबांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी बाबूजींना लोभी ठरवले आहे. आम्हांला तसे वाटत नाही. दिलेले पैसे परत मागणे हा काही गुन्हा नव्हे. त्यांची चूक एवढीच झाली की दरबारातली प्रत्येक खिडकी पैसे घेते असे त्यांना वाटले.

पेशवाई गेली, कंपनी सरकार आले. इंदापूर तालुक्याचे नाव हिंदुस्थानच्या महसुलाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते याच काळात. प्रिंगलसाहेबांची आधीची पाहणी फसली होती, तिच्या दरांनी कुळे हैराण झाली होती आणि शेते पडीक राहिली होती. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने जमीनमोजणी सुरू केली. मातीची खोली आणि जात पाहून प्रत बांधायची, दर बेताचा ठेवायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही, ही मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र चाललेली रयतवारी पद्धत. तिचा पहिला धडा इंदापूरच्या काळ्या आणि मुरमाड रानांत गिरवला गेला. पद्धत आधीपेक्षा खासच बरी होती.

पण नेमक्या त्याच साली, १ सप्टेंबर १८३५ पासून, कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया पाडला. १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, वर विलायतेच्या राजाचे तोंड. बट्ट्याचा बुजबुजाट मोडण्याला दुसरा उपाय नव्हता हे आजही कोणी कबूल करील. पण ज्या म्हातारीने गाडग्यात जुने अंकुशी रुपये पुरून ठेवले होते, तिच्या दृष्टीने पाहा. नाणे म्हणून त्याचा मान गेला, उरली ती आतली चांदी. सरकारी देणे द्यायचे तर नवा रुपया हवा, आणि तो ज्याच्यापाशी आहे त्याच्या पायरीशी गेले पाहिजे. शिवाय सारा रोखच द्यायचा. ज्वारीची कणगी भरलेली असली तरी मामलेदार कचेरी ज्वारी घेत नसे. हप्त्याची तारीख आली, माल अजून विकला नाही, की सावकार.

तीस वर्षांची मुदत संपली आणि इंदापुरात १८६७ मध्ये सारा वाढवला. त्याच्या आधीची चार-पाच वर्षे अमेरिकेतल्या यादवीमुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो भाव कोसळला, वाढलेला सारा तसाच राहिला आणि कर्जाचे कागद वाढत गेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवड्याच्या बाजारी लोक सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामतीत आहे. तिथून ही आग आसपासच्या गावांत, इंदापूर तालुक्यात आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पसरली. या दंग्यांत लोकांचा कटाक्ष मुख्यतः कशावर होता? रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. ते मागून घ्यायचे आणि जाळायचे. कुळाची तक्रार पैसे नाहीत एवढीच नव्हती. पैसे दिले, पण ते वहीत उतरले नाहीत, ही खरी तक्रार होती. म्हणून १८७९ मध्ये दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात इतर गोष्टींबरोबर हेही आले की कुळाने पैसे दिले की लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क आहे. रोख घेणे आणि रोख मिळाली असे लिहून देणे यांत केवढे अंतर असते! निर्दोष माणसांचीही घरे त्या मे महिन्यात लुटली गेली, हेही विसरता कामा नये.

यानंतर नीरेचा डावा कालवा आला, ऊस आला, साखर कारखाने आले, सहकारी सोसायट्या आल्या. तो इतिहास सुखाचा आहे आणि सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा तो सोडून देतो. इंदापूर तालुक्यात आपल्या नावाचे नगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, एवढे मात्र विमानाच्या निमित्ताने सांगितले पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र वाचकांच्या आठवणीत असेल. पाचशे आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद. ही बातमी आली तेव्हा बारामतीला आमच्या आत्या जेवायला बसल्या होत्या. त्यांनी घास तसाच ठेवला, उठल्या आणि तुरीच्या डाळीचा डबा उतरवला. डाळीत हात घालून त्यांनी नोटा काढल्या. तेवढे पैसे त्यांच्यापाशी आहेत हे आम्हां कोणाला माहीत नव्हते. त्यांचे खाते जिल्हा सहकारी बँकेत, गावातल्या शाखेत. आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचा हुकूम आला की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत. खेड्यापाड्यातल्या ज्या एका खिडकीशी शेतकऱ्याची ओळख होती, तीच बंद. आधीच्या चार दिवसांत या बँकांनी घेतलेल्या नोटासुद्धा त्यांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्या आणि त्या भरण्याची परवानगी २०१७ च्या जूनमध्ये मिळाली.

गंमत अशी की ज्या थोड्या ठिकाणी जुनी नोट चालत होती, त्यांत विमानतळावरची तिकिटाची खिडकी होती. पाचशेची जुनी नोट तिथे २ डिसेंबरपर्यंत घेत होते. आमचा पुतण्या हसत म्हणाला, "आत्याआजी, विमानाचं तिकीट काढ. तिथं चालतात तुझे पैसे." आत्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधून घेऊन त्या शहरातल्या मोठ्या बँकेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्यांचा नंबर लागला. पुढे त्यांनी डाळीच्या डब्यात पैसे ठेवले नाहीत. कुठे ठेवले ते मात्र त्यांनी आम्हांला सांगितले नाही.

तात्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात पणजोबांच्या वेळचा एक अंकुशी रुपया असतो. गेल्या दिवाळीला आम्ही तिकडे होतो. तबकात रुपयाशेजारी ते अमेरिकेतले कार्ड ठेवलेले दिसले. त्यात अजून तीन डॉलर आणि काही सेंट शिल्लक आहेत. काकूंनी दोन्हींना हळदकुंकू वाहिले. आम्ही विचारले, "तात्या, हे इथे चालते का?"

"दोन्ही चालत नाहीत," तात्या म्हणाले आणि त्यांनी निरांजन पुढे केले.