‘सापडला नाही’ म्हणजे नक्की काय? हरवलेल्या माणसांच्या शोधाची गोष्ट

समजा, जंगलात एक माणूस हरवलाय. तुमच्याकडे तीस जण आहेत आणि अंधार पडायला चार तास. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण म्हणतील, तो शेवटचा जिथे दिसला तिथून. ठीक. पण मग कुठल्या दिशेने, किती लांबपर्यंत, आणि शोधणाऱ्या दोघांमध्ये किती अंतर ठेवून? या प्रश्नांची उत्तरं फार काळ जाणत्या माणसांच्या अंदाजावरच चालत आली. अंदाज वाईट असतो असं नाही. पण तो चुकला तर कुठे चुकला हे शोधता येत नाही, आणि आपल्या दृष्टीने अडचण तिथेच आहे.

याचं गणित सुरू झालं ते जंगलात नाही, समुद्रात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजं बुडवत होत्या. त्यांना शोधण्याच्या कामी अमेरिकी नौदलाने शास्त्रज्ञांचा एक गट लावला. त्यातल्या बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने शोधाचा सिद्धान्त मांडला आणि १९४६ मध्ये तो नौदलाच्या गोपनीय अहवालात आला. त्यातली एक कल्पना फार कामाची आहे. एखादा भाग तुम्ही विस्कळीतपणे शोधलात आणि तुमच्या नजरेखालून गेलेलं एकूण क्षेत्रफळ त्या भागाएवढंच भरलं, तरी वस्तू सापडण्याची शक्यता १०० टक्के नसते, सुमारे ६३ टक्के असते. मेहनत दुप्पट केलीत तर ८६. म्हणजे ‘आम्ही तो पट्टा पूर्ण पाहिला’ हे वाक्य जवळजवळ कधीच खरं नसतं.

पण पाणबुडी आणि माणूस यांत फरक आहे. हरवलेला माणूस चालतो, बसतो, घाबरतो, झुडपात शिरतो. तो कसा वागतो हे कळायला डेटा हवा, आणि तो कुणीतरी एकेक प्रकरण करून जमवायला हवा. अमेरिकेत शोधकुत्र्यांबरोबर काम करणाऱ्या विल्यम सायरोटक यांनी ते केलं. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या राज्यांतली मुख्यतः, अशी २२९ प्रकरणं घेऊन त्यांनी १९७६ मध्ये विश्लेषण प्रसिद्ध केलं. प्रश्न साधाच होता: शेवटच्या ठिकाणापासून सरळ रेषेत किती अंतरावर माणूस सापडला? लहान मुलं, शिकारी, गिर्यारोहक, वृद्ध असे गट पाडल्यावर प्रत्येकाचं अंतर वेगळं निघालं. पुढे रॉबर्ट केस्टर यांनी अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून हाच प्रकार हजारो प्रकरणांपर्यंत नेला.

या नोंदींतून निघालेल्या काही गोष्टी वाचताना थांबायला होतं. अगदी लहान मुलाला आपण हरवलोय हेच कळत नाही. ते एखाद्या आडोशाला झोपून जातं, हाक ऐकूनही ओ देत नाही. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती अडकेपर्यंत चालत राहते, मग तिथेच, काटेरी झुडपात किंवा ओढ्यात, गप्प पडून राहते. आता विचार करा, नाव पुकारत पायवाटेने जाणाऱ्या पथकाला यातलं कोण सापडेल?

इथे तुम्हा संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी एक खोच आहे. हा सगळा डेटा सापडलेल्यांचा आहे. जे सापडलेच नाहीत त्यांचं अंतर तक्त्यात कुठून येणार? शिवाय लोक सापडतात ते जिथे शोधलं जातं तिथेच. पथकं जवळच शोधत राहिली, तर माणसं जवळच असतात असं डेटा सांगणार. म्हणून हे तक्ते टाकाऊ ठरत नाहीत, पण ते वाचताना नमुना कसा जमला हा प्रश्न सोडायचा नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, माणूस ‘अ’ भागात असण्याची शक्यता ६० टक्के आणि ‘ब’ भागात ४० टक्के धरली. ‘अ’ शोधला, मिळाला नाही. माणूस तिथे असता तर पथकाला दिसण्याची शक्यता ७० टक्के होती, असं माना. मग ‘अ’ मध्ये उरलं ६० चं ३० टक्के, म्हणजे १८. ‘ब’ चे ४० तसेच. एकूण ५८. आता ‘अ’ ची शक्यता ३१ टक्के, ‘ब’ ची ६९. पथक ‘ब’ कडे वळवा. हाच तो बेझचा नियम. पण ते ७० प्रत्यक्षात ३० असेल तर? मग ‘अ’ मध्ये ४२ उरतात, म्हणजे ८२ पैकी ५१ टक्के, आणि ‘अ’ अजूनही पुढेच! शोध तोच, निकाल तोच, निर्णय उलटा.

हे वहीतलं उदाहरण वाटत असेल तर एअर फ्रान्स ४४७ पाहा. रिओहून पॅरिसला निघालेलं हे विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं. विमानात २२८ जण होते. शेवटच्या ज्ञात स्थानाभोवती ४० सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ आखलं गेलं. ब्लॅक बॉक्सवरचे पिंगर तेव्हा साधारण महिनाभर आवाज देत, म्हणून सुरुवातीला जहाजांनी तो आवाज ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही. ‘इथे नाही’ हा निष्कर्ष त्या शांततेतूनच आला आणि पुढचे शोध दुसरीकडे भरकटले. दोन वर्षांनी मेट्रॉन या कंपनीच्या संशोधकांनी सगळे शोध, फसलेले सुद्धा, बेझच्या चौकटीत पुन्हा मांडले. त्यात त्यांनी एक पर्याय असाही मोजला की दोन्ही पिंगर बंद पडले असतील. त्या नकाशात शक्यतेचं शिखर शेवटच्या ज्ञात स्थानाजवळच आलं. ३ एप्रिल २०११ ला, नवा शोध सुरू होऊन आठवडाभरातच, अवशेष मिळाले. शेवटच्या स्थानापासून साधारण दहा-बारा किलोमीटरवर.

मग जमिनीवर ते ७० की ३० हे ठरवायचं कसं? पथकप्रमुखाला ‘किती नीट पाहिलंत?’ विचारून नाही. (आपण सगळेच स्वतःला उदारपणे गुण देतो.) २००४ मध्ये केस्टर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलासाठी यावर जमिनीवरचे प्रयोग केले. एका वाटेच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या अंतरांवर माणसाच्या आकाराच्या बाहुल्या ठेवायच्या, काही ठळक रंगाच्या, काही सहज न दिसणाऱ्या. शोधणाऱ्यांना त्यांच्या जागा माहीत नसतात. ते एकेक करून वाटेने जातात आणि दिसलेली प्रत्येक वस्तू सांगतात. प्रयोग करणारे किती अंतरावरच्या किती दिसल्या आणि किती सुटल्या, हे लिहितात. दोन्हींच्या आलेखांवरून त्या झाडीतली परिणामकारक शोधरुंदी निघते, आणि तीच कूपमनच्या सूत्रात जाते. पावसाळ्यात कारवीने भरलेल्या सह्याद्रीच्या उतारावर हा आकडा वेगळा येणार, उन्हाळ्यात त्याच उतारावर आणखी वेगळा. बाहुल्या, दोरी, मोजपट्टी, वीसेक स्वयंसेवक आणि दोन शनिवार-रविवार एवढ्यात तो मोजता येतो.