गाडी ‘मिसिंग’ मारतेय? गॅरेजला जाण्याआधी फोनवर हे बघा

गोल्डन नेस्ट सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभ्या उभ्या थरथरते, आरपीएमचा काटा एका जागी राहत नाही आणि क्लच सोडला की झटके बसतात. आमच्या इंद्रलोकमधले मेकॅनिक याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. तांत्रिक नाव मिसफायर. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही आणि बाकीचे सिलिंडर त्याला ओढत राहतात.

सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन लाइट बघा. तो स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर मात्र पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, तो प्रचंड तापतो आणि आतून वितळू शकतो. स्पार्क प्लग काही शेकड्यांत येतो, कन्व्हर्टरचं बिल हजारोंत जातं. ‘एवढं घरापर्यंत नेतो’ म्हणण्याआधी हा हिशोब करा.

लाइट नाही, काटा स्थिर आहे आणि फक्त थरथर जाणवते? मग मिसफायर नसेलही. इंजिनाखालचे रबरी माउंट बसले असतील. शिवाय टियागो १.२, क्विड किंवा वॅगनआर १.० ही तीन सिलिंडरची इंजिनं आहेत, ती चारवाल्यांपेक्षा थोडी हलतातच.

सीएनजी असेल तर एक फुकट टेस्ट

आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर. त्यांच्या मालकांकडे स्कॅनरच्याही आधी वापरायचं एक साधन आहे, ते म्हणजे इंधन बदलायचं बटण. इंजिन गरम झाल्यावर पाच-दहा मिनिटं पेट्रोलवर चालवा, मग तेवढीच सीएनजीवर. फक्त पेट्रोलवर मिसिंग येत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर किंवा पंप बघायचे. दोन्हींवर येत असेल तर प्लग, कॉईल किंवा हवेची गळती. फक्त सीएनजीवर येत असेल तर लगेच गॅस किटला दोष देऊ नका. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो आणि पेट्रोलवर आणखी काही दिवस खपून जातो.

आता फोन काढा

२०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी पोर्ट असतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर लावायचा, इग्निशन ऑन करायचं आणि फोनशी पेअर करायचं (पिन बहुतेक १२३४ किंवा ००००). अ‍ॅप टॉर्क किंवा कार स्कॅनर, कोणतंही चालेल. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला स्वस्त अडॅप्टर जोडला जाणार नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्या. त्याच पोर्टात लावायचं ‘मायलेज वाढवणारं’ खेळणंही ऑनलाइन मिळतं. त्यावर पैसे घालवू नका.

पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही, तेव्हा सगळ्यांना लागू होणारं कारण शोधायचं. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ‘फ्रीझ फ्रेम’चाही घ्या, कारण बिघाड झाला त्या क्षणीचा आरपीएम, वेग आणि इंजिनाचं तापमान त्यात असतं.

इथेच लोकांचे पैसे जातात. पी०३०१ चा अर्थ ‘पहिल्या सिलिंडरचा कॉईल बदला’ असा होत नाही. कोड जागा सांगतो, पार्ट सांगत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळा कॉईल असलेल्या इंजिनात एक सोपी परीक्षा आहे. इंजिन थंड आणि बंद असताना पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरचे कॉईल आपसात बदला, कोड पुसा आणि चक्कर मारा. आता पी०३०२ आला तर कॉईलच खराब. पी०३०१ च राहिला तर कॉईल निर्दोष. मग प्लग बदलून हेच करा, त्यानंतर इंजेक्टर. हात घालायचा नसेल तर मेकॅनिकला एवढंच म्हणा, “दादा, नवीन कॉईल टाकण्याआधी जागा बदलून बघू या.” चालू इंजिनाचा कॉईल उपटून बघणारेही असतात. तुम्ही ते करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

पी०३०० सोबत पी०१७१ दिसला तर इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. लाइव्ह डेटात ‘फ्युएल ट्रिम’ उघडा. उणे १० ते अधिक १० टक्के साधारण ठीक. गाडी उभी असताना २० च्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठेतरी फाटक्या पाईपमधून हवा आत शिरतेय. उलट, वेग वाढवला की ट्रिमही चढत असेल तर पेट्रोल फिल्टर किंवा पंप संशयित.

पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि इंजिन तापल्यावर सगळं ठीक, असं असेल तर कॉईलचं रबर तडकून प्लगच्या खळग्यात ओल गेलेली असते. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट उघडल्यावर टॉर्च मारून इंजेक्टरच्या वायरीही बघा. पण गाडी तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर यातलं काहीच करू नका आणि सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सरळ टो करा.

कॉईल, प्लग, इंजेक्टर सगळं बदलून पाहिलं आणि कोड त्याच सिलिंडरवर अडून राहिला, तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. कारण तेव्हा व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंगचा संशय येतो, आणि ते फोनवर दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नका. मिसफायर बऱ्याचदा लोड आल्यावरच दिसतो, म्हणून मी घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटापर्यंत एक फेरी मारायला सांगतो. परत आल्यावर अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’ कोड बघा. लाइट लागण्याआधी बिघाडाची पहिली नोंद तिथे पडते. आणि अडॅप्टर काढून ठेवा, तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी खात बसतो.