आठव्या दिवसाचा वाद

इ. स. २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरींत ६६ बिशप एकत्र जमले होते. तेथील बिशप सिप्रियन हा या सभेचा प्रमुख होता. काळ मोठा कठीण होता. डेसियस बादशहानें ख्रिस्ती लोकांचा केलेला छळ नुकताच संपला होता आणि महामारीनें रोमन साम्राज्य पोखरून काढलें होतें. ज्या घरीं आज पाळणा हलला तेथें उद्यां काय होईल याचा भरंवसा नव्हता. अशा वेळीं फिडस नांवाच्या बिशपाचा एक प्रश्न सभेपुढें आला. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं बाप्तिस्मा द्यावा, कीं आठव्या दिवसापर्यंत थांबावें?

बाप्तिस्मा म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें होणारा जलसंस्कार. मराठी कॅथलिक समाज त्यास स्नानसंस्कार म्हणतो. मराठी घरांत बाराव्या दिवशीं बारसें होतें, तसा हा केवळ नामकरणाचा विधि नव्हे. पापक्षालन व ख्रिस्तमंडळींत प्रवेश असे त्याचे दोन मोठे अर्थ आहेत. म्हणूनच प्रश्न उठतो कीं, ज्या अर्भकाला पाप कळत नाहीं आणि श्रद्धाही कळत नाहीं, त्याला हा संस्कार कशासाठीं?

फिडसचीं कारणें दोन होतीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें सुंता आठव्या दिवशीं होते, तेव्हां हा संस्कारही त्याच दिवशीं व्हावा. शिवाय नवजात बालकाचें पाऊल शुद्ध नसतें, त्याचें चुंबन घेण्यास मन कचरतें. सोयर पाळणाऱ्या घरांस ही दुसरी शंका समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सभेनें एकमुखानें फिडसचें म्हणणें अमान्य केलें. देव जसा माणसाचा दर्जा पाहत नाहीं, तसें वयही पाहत नाहीं. घोर पातक्यालाही पश्चात्तापानंतर ज्या कृपेची बंदी नाहीं, तिची बंदी ज्यानें स्वतः कांहींच पाप केलें नाहीं अशा बालकाला कशी असावी? त्याला क्षमा मिळते ती आदामाकडून जन्मानें आलेल्या दोषाची. आणि अशुद्धतेचें म्हणाल, तर नवजात बालकाचें चुंबन घेतांना ज्यानें तें नुकतेंच घडविलें त्या देवाच्या हातांचें स्मरण व्हावें. मूल जन्मतांच रडतें, तें रडणेंच जणूं त्याची याचना होय.

पण याच कार्थेजमध्यें सुमारें ५० वर्षांपूर्वीं टर्टुलियन या विद्वान लेखकानें नेमका उलट सल्ला दिला होता. मुलांनीं मोठें व्हावें, ख्रिस्ताला ओळखावें, मग यावें. मुलाच्या वतीनें वचन देणारे जामीन उद्यां मरतील, किंवा तें मूलच वाईट मार्गास लागेल. मग त्या वचनाचें काय? आक्षेप भक्कम होता. मात्र एक गोष्ट त्यावरूनच सिद्ध होते. बालकांना बाप्तिस्मा देण्याची चाल तेव्हां प्रचारांत होती. एरव्हीं तिला विरोध करण्याचें प्रयोजनच उरलें नसतें. पुढें ओरिगेन या पंडितानें तर ही चाल प्रेषितांपासून आल्याचें लिहून ठेवलें.

नव्या करारांत बालकाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाहीं. लुदिया, फिलिप्पै येथील बंदिशाळेचा अधिकारी व स्तेफन यांच्या सबंध घराण्यांना बाप्तिस्मा मिळाल्याचें मात्र सांगितलें आहे. त्या घराण्यांत तान्हीं मुलें होतीं कीं नव्हतीं, यावर दोन्हीं पक्ष आजवर भांडत आले आहेत.

चौथ्या शतकांत संस्कार लांबणीवर टाकण्याची रीत बळावली. कॉन्स्टंटाइन बादशहानें ३३७ सालीं मृत्यूच्या तोंडावर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टिन लहानपणीं आजारी पडला तेव्हां संस्काराची तयारी झाली होती, पण तो बरा होतांच ती राहून गेली. अखेर ३८७ सालीं मिलान येथें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्याला तो मिळाला. हाच ऑगस्टिन पुढें बालबाप्तिस्म्याचा सर्वांत मोठा कैवारी झाला. मनुष्य देवाकडे वळण्याआधीं देव मनुष्याकडे वळतो, हें त्याच्या विचाराचें सार होय; आणि निःशब्द अर्भकाएवढा त्याचा दुसरा दाखला कोणता?

अकराशें वर्षांनंतर स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं हा वाद पुन्हां पेटला. सुधारक झ्विंग्लीचेच कांहीं शिष्य शास्त्रांत आधार नाहीं म्हणून बालबाप्तिस्मा नाकारूं लागले. झ्विंग्लीला स्वतःलाही आरंभीं शंका होत्या. पण त्यानें अखेर उत्तर दिलें कीं, देवाचा करार घराण्याशीं असतो. जुन्या करारांत सुंता ही त्याची खूण होती, नव्यांत बाप्तिस्मा आहे. फिडसनें जी सुंता थांबण्यासाठीं पुढें केली होती, तीच झ्विंग्लीनें न थांबण्यासाठीं पुढें केली.

येथवर वाद शब्दांचा होता. जानेवारी १५२५ मध्यें नगरसभेनें हुकूम काढला कीं, आठ दिवसांत मुलांना बाप्तिस्मा द्यावा, नाहींतर शहर सोडावें. त्याच आठवड्यांत विरोधकांनीं एका घरीं जमून एकमेकांना नव्यानें बाप्तिस्मा दिला. पुढें या कृत्यास देहान्त शिक्षा ठरली, आणि ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मान्झ याला हातपाय बांधून लिमात नदींत बुडविण्यांत आलें.

बुडविल्यानें मत बुडालें नाहीं. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुराहून प्रसिद्ध करणारा विल्यम केरी हा बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचाच होता. २००४ सालीं लिमातच्या कांठीं मान्झ व त्याच्या सोबत्यांच्या नांवें स्मृतिशिला बसली, आणि झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चनें पूर्वजांचा दोष कबूल केला. बालकांना बाप्तिस्मा देणें मात्र त्या चर्चनें सोडलेलें नाहीं.

यांत विसंगति नाहीं. मुलाला आईचें दूध मिळतें तें त्यानें मागितल्यामुळें नव्हे, आणि भाषाही त्याला न विचारतांच मिळते. कृपेचेंही तसेंच, असें बालबाप्तिस्म्याचे समर्थक मानतात. टर्टुलियनच्या आक्षेपाला त्यांचें उत्तर दृढीकरणाच्या विधींत आहे: पाळण्यांत इतरांनीं दिलेलें वचन जाणत्या वयांत मुलानें स्वतःच्या तोंडानें उच्चारावें. तें वचन स्वेच्छेनें उच्चारलेलें असलें तरच खरें. कार्थेजच्या ६६ बिशपांजवळ शिपाई नव्हते, केवळ युक्तिवाद होता. झुरिकजवळ दोन्हीं होते, आणि कृपेची बाजू मांडणाऱ्यांनींच तेथें कृपा दाखविली नाहीं.