बेलीज हार्बर जोडदीप

बेलीज हार्बर जोडदीप : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेलीज हार्बर या लहानशा बंदरातील दोन ऐतिहासिक दीपगृहांची जोडी. १८६९ मध्ये उभारलेले हे दोन दीप सु. शंभर वर्षे नौकांना बंदराचा सुरक्षित मार्ग दाखवीत होते. नौकानयनाच्या सोयीसाठी राखून ठेवलेल्या त्यांच्या जागेतूनच पुढे एका महत्त्वाच्या निसर्ग-अभयारण्याचा उदय झाला. त्यामुळे नौकानयनाचा इतिहास व निसर्गसंरक्षणाचा इतिहास या दोन्ही दृष्टींनी या स्थळाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : उत्तर अमेरिकेतील पाच बृहत्‌सरोवरांपैकी मिशिगन हे सर्वस्वी संयुक्त संस्थानांच्या हद्दीत असलेले एकमेव सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सु. ५८,००० चौ. किमी., लांबी सु. ४९० किमी. व कमाल खोली २८१ मी. आहे. एवढ्या विस्तीर्ण जलाशयावर उठणारी वादळे समुद्रावरील वादळांइतकीच भयंकर असतात. नौकेला वादळात वाट मोकळी ठेवून दूर जाण्यास महासागरात जेवढी जागा मिळते तेवढी येथे मिळत नाही आणि किनारा नेहमीच जवळ असतो, ही सरोवरातील अधिकची अडचण होय. सरोवराच्या पश्चिमेकडून ईशान्येस घुसलेल्या डोर द्वीपकल्पाचा किनारा चुनखडी जातीच्या कठीण खडकाचा असून त्याच्या टोकाजवळील सामुद्रधुनीला फ्रेंचांनी ‘मृत्यूचे द्वार’ या अर्थाचे नाव दिले होते. त्यावरूनच द्वीपकल्पाला डोर (द्वार) हे नाव पडले.

१८२५ मध्ये ईअरी कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडील शहरांचा बृहत्‌सरोवरांशी सलग जलमार्गाने संबंध जुळला. शिकागो व मिलवॉकी ही शहरे वाढू लागली आणि सरोवरावर शिडाच्या जहाजांची वर्दळ वाढली. १८४८ मध्ये कॅप्टन बेली याने वादळात सापडलेले आपले जहाज द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका अपरिचित खाडीत आश्रयासाठी आणले. तेथील दगड व दाट जंगल पाहून त्याने आपले मालक, मिलवॉकीचे जहाजमालक अ‍ॅलन्सन स्वीट, यांना त्याची माहिती दिली. स्वीट यांनी तेथे धक्का बांधून दगड व लाकूड यांचा व्यापार सुरू केला. बंदराला मात्र नाव मिळाले ते बेलीचे. आश्रयासाठी सापडलेले हे बंदर अशा रीतीने व्यापाराचे बंदर बनले.

पहिले दीपगृह व त्याची उणीव : १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बंदराच्या मुखाशी असलेल्या एका लहान बेटावर दगडी दीपगृह बांधण्यात आले. त्याचा दीपकक्ष पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा असून या घडणीचे फारच थोडे दीपकक्ष आता बृहत्‌सरोवरांच्या परिसरात शिल्लक आहेत. तथापि हे दीपगृह दोन्ही कामांना अपुरे पडले. किनाऱ्याने दूरवरून जाणाऱ्या जहाजांना दिसेल इतका त्याचा प्रकाश दूर पोहोचत नव्हता. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला बंदर कोठे आहे हे त्याच्यावरून कळे. पण खडकाळ उथळ भागांमधून नेमके कोणत्या वाटेने आत यावे, हे कळत नसे. एकच दिवा नाविकाला स्थान सांगू शकतो. मार्ग सांगण्यास दुसऱ्या दिव्याची जोड लागते.

म्हणून संयुक्त संस्थानांच्या दीपगृह मंडळाने या दोन कामांची विभागणी केली. किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांसाठी ईशान्येस काही किमी. अंतरावर केना आयलंड येथे सु. २७ मी. उंचीचे नवे दीपगृह बांधण्यात आले आणि बंदरात शिरणाऱ्या जहाजांसाठी किनाऱ्यावरच जोडदीप उभारण्यात आले. ही दोन्ही कामे १८६९ मध्ये झाली व जुन्या बेटावरील दीपगृह बंद करण्यात आले. त्याच सुमारास सुपीरिअर सरोवरावरील कॉपर हार्बर व ह्यूरन सरोवरावरील प्रेस्क आईल या बंदरांतही जोडदीप बसविण्यात आले. यावरून हा त्या काळातील एका व्यापक धोरणाचा भाग होता, हे स्पष्ट होते.

रचना व कार्यतत्त्व : पुढचा दीप पाण्याच्या काठाजवळ असून तो सु. ६·५ मी. उंचीच्या एका लहान लाकडी मनोऱ्यात आहे. मनोऱ्याचा खालचा भाग चौरस व वरचा अष्टकोनी असून दिव्याची खिडकी बंदराकडे उघडते. मागचा दीप त्यापासून सु. ३०० मी. आत, जंगलात आहे. तो रक्षकाच्या लाकडी घराच्या छपरावरील दीपकक्षात असून त्याची उंची सु. ११ मी. आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ही वास्तू दीपगृहापेक्षा गावातील एखाद्या छोट्या प्रार्थनामंदिरासारखी वाटते.

या दोन दिव्यांना जोडणारी रेषा सरोवरात वाढविली असता ती बंदरातील सुरक्षित मार्गाच्या मध्यावरून जाते. नौका या रेषेवर असेल, तर मागचा उंच दिवा पुढच्या ठेंगण्या दिव्याच्या बरोबर वर दिसतो. नौका उजवीकडे सरकली की खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे गेल्यासारखा दिसतो. डावीकडे सरकली की तो उजवीकडे दिसतो. म्हणून खालचा दिवा ज्या बाजूस सरकलेला दिसेल, त्या बाजूस नौका वळवावी, एवढा एकच नियम सुकाणूवरील माणसाने लक्षात ठेवावयाचा असतो. त्यासाठी नकाशा, होकायंत्र वा गणित यांची गरज पडत नाही.

या साध्या योजनेची अचूकता लक्षणीय आहे. पुढच्या दिव्यापासून २ किमी. अंतरावर असलेली नौका रेषेपासून केवळ २० मी. बाजूला गेली, तरी दोन दिव्यांत ४ ते ५ कला एवढे आडवे कोनीय अंतर पडते. निरोगी डोळ्याला सु. १ कला अंतराचा भेद जाणवतो; त्यामुळे हे सरकणे तत्काळ ध्यानात येते. दोन दिव्यांमधील अंतर जितके जास्त, तितकी ही संवेदनशीलता वाढते. मागचा दिवा इतका आत, जंगलात ठेवण्याचे कारण हेच होय. मात्र त्यामुळे एक अट आपोआप येते. दोन्ही दिव्यांमधील पट्टा कायम मोकळा ठेवावा लागतो. मध्ये वाढलेले एखादे झाडसुद्धा संपूर्ण योजना निरुपयोगी करू शकते. या कारणाने शासनाने दिव्यांभोवतीची बरीच जमीन दीपगृहासाठी राखून ठेवली होती.

रक्षक : दोन्ही दिवे पेटवून ते सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेवत ठेवणे, काचा व भिंगे पुसणे, वाती कातरणे ही कामे एकच रक्षक करीत असे. बृहत्‌सरोवरांवरील दिव्यांत प्रथम डुकराच्या चरबीचे तेल व पुढे रॉकेल वापरात आले. दोन दिव्यांमधील ओलसर, खोलगट जमीन ओलांडण्यासाठी फळ्यांची वाट होती. हिवाळ्यात सरोवराचे पाणी गोठून नौकानयन थांबे, तेव्हा दिवेही विझविले जात. १९२३ मध्ये दिवे स्वयंचलित झाले व रक्षकाचे पद संपले. १९३० मध्ये वीज आली. त्यानंतर मागच्या दीपाच्या घरात काही वर्षे स्थानिक ल्यूथरन पंथाच्या धर्मोपदेशकाचे निवासस्थान होते. १९६९ मध्ये जोडदीप बंद करून त्यांच्या जागी एकच दिशादर्शक दिवा बसविण्यात आला. अशा दिव्याचा प्रकाश मार्गाच्या मध्यावर पांढरा व दोन्ही बाजूंस वेगळ्या रंगांचा दिसतो. त्यामुळे दुसऱ्या दिव्याची व पर्यायाने राखीव पट्ट्याचीही आवश्यकता उरत नाही.

राखीव जमीन व अभयारण्य : जोडदीपांभोवतीची जमीन भूविज्ञानदृष्ट्या असामान्य आहे. गेल्या हजाराहून अधिक वर्षांत सरोवराच्या पाण्याची पातळी वरचेवर चढली-उतरली. प्रत्येक वेळी किनाऱ्यावर वाळूचा एक बांध तयार झाला व मागे पाणथळ खोलगट पट्टा राहिला. अशा सु. ३० चंद्रकोरीसारख्या वरंब्यांची मालिका येथे आहे. सर्वांत जुना वरंबा आत व सर्वांत नवा पाण्याजवळ असल्याने वाळू, गवत, झुडपे व स्प्रूस-बाल्समचे जंगल हा वनस्पतिसमुदायाचा क्रम चालता चालता पाहावयास मिळतो. सरोवरावरून येणाऱ्या थंड वाऱ्यांमुळे उत्तरेकडील वनस्पती येथे टिकून आहेत. ऑर्किडच्या सु. २५ जाती, लहानखुरे निळे सरोवरी आयरिस आणि ‘हाइन्स एमराल्ड’ हा दुर्मिळ चतुर ही येथील वैशिष्ट्ये होत. या चतुराला १९९५ मध्ये संयुक्त संस्थानांच्या शासनाने नष्टप्राय जाती म्हणून संरक्षण दिले.

दिव्यांना रक्षकाची गरज उरली नाही तेव्हा ही राखीव जमीन डोर परगण्याकडे आली आणि १९३७ मध्ये तेथे पर्यटकांच्या फिरत्या घरांसाठी तळ उभारण्याची योजना पुढे आली. वरंबे सपाट केले असते, तर शेकडो वर्षांत घडलेली ही रचना एका हंगामात नाहीशी झाली असती. मिलवॉकी सार्वजनिक संग्रहालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅल्बर्ट फुलर, भूदृश्य-वास्तुशिल्पज्ञ येन्स येन्सेन व स्थानिक निसर्गप्रेमी एमा टॉफ्ट यांनी या योजनेला विरोध केला. सभा व व्याख्याने यांतून लोकमत जागे झाले, योजना मागे पडली आणि त्याच वर्षी ‘रिजेस’ या अभयारण्याची स्थापना झाली. १९६७ मध्ये त्याला राष्ट्रीय निसर्गखूण म्हणून मान्यता मिळाली. जोडदीपांची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत १९८९ मध्ये झाली.

आजचे स्वरूप : दोन्ही दीपगृहांची डागडुजी झाली असून त्यांच्यापर्यंत वरंबे व पाणथळ पट्टे ओलांडत लाकडी वाटेने जाता येते. पुढच्या मनोऱ्याशी उभे राहून मागे पाहिले असता जंगलातून सरळ गेलेला मोकळा पट्टा व त्याच्या टोकाचे पांढरे घर दिसते. दुसऱ्या बाजूस बंदराचे मुख दिसते. कागदावर न काढलेली, तरी नाविकांनी सु. शतकभर पाळलेली रेषा ती हीच.

तथापि या स्थळाच्या जपणुकीत एक विरोध अंगभूत आहे. अभयारण्याच्या तत्त्वाप्रमाणे जंगल आपल्या क्रमाने वाढू द्यावे, तर ही रेषा काही दशकांत झाडांनी झाकली जाईल. रेषा मोकळी ठेवावयाची, तर अभयारण्यातच झाडे तोडावी लागतील. नौकांना तिची गरज उरलेली नाही. पण ती मिटली, तर दोन वास्तू राहतील व त्यांचा परस्परसंबंध जाईल. नौकानयनासाठी मोकळा ठेवलेला अरुंद पट्टा व त्याच्या निमित्ताने अबाधित राहिलेले सभोवतालचे रान ही एकाच निर्णयाची दोन फळे आहेत. त्यांपैकी एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याला किती मुरड घालावी, हा प्रश्न येथे प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.