जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ

'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी 'व्हॉयाज ओ सांत्र द ला तेर' ही फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) यांची विज्ञानसाहस कादंबरी आहे. पॅरिसचे प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल यांनी ती नोव्हेंबर १८६४ मध्ये प्रकाशित केली. एदुआर रिऊ यांच्या चित्रांसह १८६७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत व्हर्न यांनी काही प्रकरणांची भर घातली. नावात 'केंद्र' असले तरी कादंबरीतील प्रवासी तेथवर कधीच पोहोचत नाहीत.

कथानक

कथा २४ मे १८६३ रोजी हॅम्बुर्ग शहरात सुरू होते. खनिजशास्त्राचा तापट प्राध्यापक ऑटो लिडेनब्रॉक याला एका जुन्या आइसलँडी हस्तलिखितात रूनी लिपीतील सांकेतिक मजकुराचे चर्मपत्र सापडते. मजकूर उलट्या क्रमाने वाचावयाचा आहे, हे त्याचा पुतण्या अ‍ॅक्सेल याच्या योगायोगानेच ध्यानात येते. स्नेफेल्स या ज्वालामुखीच्या विवरातून आपण पृथ्वीच्या केंद्रापर्यंत गेलो होतो, असा १६व्या शतकातील आर्ने साक्नुसेम या किमयागाराचा त्यात दावा असतो. काका-पुतणे आइसलँडला जातात आणि हान्स नावाच्या मितभाषी वाटाड्यासह विवरात उतरतात.

पाण्याची टंचाई, अंधारात अ‍ॅक्सेलची झालेली चुकामूक, भूमिगत समुद्र, त्यातील सागरी सरीसृपांची झुंज आणि विजेचे वादळ अशा प्रसंगांतून कथा पुढे सरकते. शेवटी सुरुंगाच्या स्फोटानंतर प्रवाशांचा तराफा उसळत्या लाव्हारसावर वर ढकलला जातो आणि ते इटलीतील स्ट्राँबोली ज्वालामुखीतून बाहेर पडतात.

विज्ञान

कादंबरीचा खरा कणा काका-पुतण्यांचा वाद हा आहे. दर ७० फुटांमागे तापमान एका अंशाने वाढते, तेव्हा खाली सारे वितळलेलेच असणार, असे अ‍ॅक्सेल म्हणतो. लिडेनब्रॉक हंफ्री डेव्ही यांचा आधार घेऊन उत्तर देतो की, ज्वालामुखीची उष्णता वरच्या थरांतील धातूंच्या रासायनिक क्रियेतून येते. पृथ्वीचा अंतर्भाग तप्त असण्याचे कारण नाही. त्या काळी हा प्रश्न खरोखरच खुला होता. कादंबरीही तो सोडवीत नाही: प्रवासात काकाची सरशी होते, पण शेवटी परत वर येण्याची वाट ज्वालामुखीच्या उद्रेकातूनच सापडते.

पुढील संशोधनाने पुतण्याची बाजू बळकट केली. कवचात दर किलोमीटरला तापमान साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. रशियातील कोला येथील १२,२६२ मीटर खोल छिद्राच्या तळाशी ते सुमारे १८० अंश आढळले. कादंबरीतील समुद्र मात्र भूपृष्ठाखाली ३५ लीग, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्याने ही खोली तिच्या सव्वादोन टक्क्यांहूनही कमी भरते. खऱ्या अंतरंगाचा शोध उतरून नव्हे, तर भूकंपलहरींवरून लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या आर. डी. ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा मांडला, तर इंगे लेमन यांनी १९३६ मध्ये त्याच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचे दाखवून दिले.

भूगर्भरचनेबाबत चुकलेली ही कादंबरी जीवाश्मांच्या बाबतीत अधिक समृद्ध आहे. खाली जाणे म्हणजे काळात मागे जाणे, अशी तिची मांडणी आहे: खडकांचे थर, कोळसा, लुप्त वनस्पती आणि अखेर जिवंत सरीसृप. लुई फिग्ये यांच्या प्रागैतिहासिक सृष्टीवरील १८६३ च्या ग्रंथाचा प्रभाव येथे जाणवतो; त्या ग्रंथाची चित्रेही रिऊ यांचीच होती. १८६७ च्या भरीत प्राचीन मानवाची कवटी आणि मॅस्टोडॉनांच्या कळपाचा महाकाय राखणदार येतो. मानव किती प्राचीन आहे, यावर फ्रान्समध्ये त्या सुमारास तीव्र वाद चालू होता.

भाषांतरे आणि रूपांतरे

१८७१ च्या इंग्रजी भाषांतरात लिडेनब्रॉकचा हार्डविग आणि अ‍ॅक्सेलचा हॅरी झाला. मुळात नसलेला मजकूरही घुसडण्यात आला. हीच आवृत्ती पुन्हा पुन्हा छापली गेल्याने इंग्रजीतून ही कथा वाचणाऱ्या अनेकांना मूळ व्हर्न भेटलेच नाहीत. १९५९ च्या हॉलिवूडपटात तर कथेचा आरंभ हॅम्बुर्गऐवजी एडिंबरोत होतो. मराठी कुमारवाचकांना व्हर्न यांची ओळख मुख्यतः भा. रा. भागवत यांच्या रूपांतरांतून झाली.