फोन गेला रात्री अकराला

ही घोडी कुणा एकाची नाही. माथेरानात घोडे पाळणाऱ्या कुणालाही मात्र यातला तास न् तास ओळखीचा वाटेल. दिवस नाताळच्या सुट्टीचे, थंडी कडक, पॉइंटांच्या फेऱ्यांना उसंत नाही.

दुपारी २ : घोडी हौदाशी येते, गार पाण्याला तोंड लावून सोडून देते. पोटात सुका चारा, त्यासोबत जमिनीवरची लाल माती. पाणी कमी पडलं की आतलं सगळं घट्ट होऊन अडकतं.

सायंकाळी ६ : चंदीचे दोन घास खाऊन तिनं मान फिरवली. “दमली असेल,” मालक म्हणतो. फोन करायची वेळ खरं तर हीच होती. खाण्यावरून तोंड फिरवणारं घोडं दमलेलं नसतं, दुखणाईत असतं.

७.३० : पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ मुडपणं. दुपारपासून लीद नाही. हा पोटशूळ. जबड्याच्या हाडाखाली बोटं टेकवली की नाडी लागते. स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. ती कुणी मोजली नाही.

८.३० : शेजारी बाटलीनं तेल पाजतो. माया खरी, उपाय घातक. तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं जातात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं तर वर वाट नसते, ते फुटतं. म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालून आधी जठरातलं बाहेर काढतात, मग औषध सोडतात. मागच्या वेळचं उरलेलं वेदनाशामकही कुणीतरी टोचलं. घोडी शांत झाली, सगळे जेवायला गेले. मला सगळ्यात भीती याच तासाची वाटते. दुखणं झाकलं गेलं, आतडं तसंच राहिलं.

रात्री ११ : औषध उतरलं. घोडी घामानं चिंब, लोळतेय. आता फोन. “डॉक्टरसाहेब, लई तडफडतेय, लवकर या!”

“नाडी किती? हिरड्या कुठल्या रंगाच्या? कुशीला कान लावा, पोट वाजतंय का? शेवटची लीद कधी? इंजेक्शन कुठलं दिलं, किती, किती वाजता?”

एकाचंही उत्तर नाही. या प्रश्नांवरच डॉक्टरांची पिशवी भरायची असते. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे नळी, पंप, सलाइनच्या बाटल्या सगळं अंधारात पायी वाहून आणायचं. तिथून विसरलेली वस्तू आणायला परत जाणं म्हणजे आणखी तासभर.

१ वाजता : नाडी ८०. हिरड्या जांभळट. डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून तपासतात : मोठं आतडं वाऱ्यानं फुगलेलं, पिळलेलं. घोड्याचं हे आतडं पोटात बरंचसं मोकळं असतं, म्हणून पीळ पडतो आणि त्याचं रक्त तुटतं. उपाय एकच, शस्त्रक्रिया, तीही काही तासांच्या आत. त्यासाठी घोडी आधी दस्तुरीपर्यंत चालायला हवी, मग ट्रकनं घाट उतरून मुंबई-पुण्याकडे. ती उभीच राहत नाही.

३ वाजता : मालकानं होकार दिला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला सोडवलं.

३.३० : डॉक्टर निघाले नाहीत. तीच वैरण खाणाऱ्या बाकीच्या दोन घोड्यांना त्यांनी तपासलं. एकाची लीद कोरडी, दाढांच्या कडांना धारदार काटे. चारा चावलाच जात नाही. दोन वर्षांत त्याच्या तोंडात कुणी पाहिलं नव्हतं. कोमट पाणी लगेच ठेवायला सांगून त्यांनी वही काढली : गुरुवारी सकाळी फेऱ्या सुरू व्हायच्या आत दाढा घासणं, लिदीची तपासणी, जंताचं औषध, धनुर्वाताची लस. मालकाच्या पोरानं दारामागच्या भिंतीवर खडूनं त्यांचा नंबर लिहिला, त्याखाली सरकारी पशुसेवेचा १९६२, आणि दोन्ही घोड्यांची नाडी, आज मोजलेली.