टॅरिफ, तारीफ आणि मार्फत

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले. आमच्या कळवण तालुक्यात उन्हाळ कांदा चाळीत होता. आयात-निर्यातीवरील अशा शुल्काला इंग्रजीत 'टॅरिफ' म्हणतात. विजेच्या दरपत्रकाला आणि लॉजमधील भाड्याच्या फलकालाही हाच शब्द चालतो.

पण तो मूळचा इंग्रजांचा नाही. अरबी 'तअरीफ' म्हणजे माहिती देणे, जाहीर करणे. त्याचे मूळ ऐन, रे, फे या तीन अक्षरांत, म्हणजे 'जाणणे' या अर्थात आहे. भूमध्य समुद्राच्या बंदरांत अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांची उठबस होती. कोणत्या मालावर किती जकात, हे यादी करून जाहीर केले जाई. इटालियनांनी त्या यादीला 'तारिफ्फा' म्हटले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत पोहोचला आणि यादीचे नाव कराला चिकटले. स्पेनच्या तारिफा बंदरावरून तो आला, अशी एक कथा सांगतात. पण ती दंतकथाच. त्या गावाचे नाव ७१० साली तेथे उतरलेल्या तारिफ इब्न मालिक या सरदाराचे आहे.

हाच 'तअरीफ' फारसीवाटे आपल्याकडेही आला. मराठीत 'तारीफ' म्हणजे स्तुती. उर्दूत स्तुती तर आहेच, शिवाय व्याख्याही. आम्ही उर्दू शाळेत 'मुसल्लस की तारीफ' विचारतो, म्हणजे त्रिकोणाची व्याख्या. मराठी शाळेतले शिक्षक मित्र हसतात, "त्रिकोणाची कसली स्तुती करता?"

याच घरातला आणखी एक शब्द 'मारिफत', म्हणजे ओळख, ज्ञान. सूफींच्या लेखी ती ईश्वराची ओळख. मराठीत त्याचे 'मार्फत' झाले आणि आपला प्रत्येक सरकारी अर्ज 'मुख्याध्यापकांमार्फत' जाऊ लागला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही मार्फत, वकील, तहसील हे शब्द मराठीत राहिलेच; कारण लोकांना ते परके वाटत नव्हते.

तुमची भाषा मराठी की उर्दू, असे आम्हाला अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्याच्या खिशातल्या अर्जावरही 'मार्फत' असते. कांद्यावरील निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. शुल्क सरकारच्या हुकुमाने लागते आणि उठतेही. शब्दांचे तसे नसते. ते बोलणाऱ्यांच्या तोंडी रुळतात आणि त्यांचेच होऊन जातात.